वळणावरचें तेल

फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतींत १९५५, १९५६ व १९५७ अशीं तीन वर्षें लागोपाठ ‘जग्वार डी-टाइप’ मोटारी विजयी झाल्या. या यशाचें श्रेय लोक वेगाला व डौलदार बांध्याला देतात. परंतु इंजिनाच्या पोटांत तेल खेळविण्याची जी योजना होती, तिच्यावांचून तो वेग चोवीस तास टिकला नसता.

इंजिनांतील क्रँकशाफ्ट बेअरिंगांत फिरतो, तो धातूला धातू लागूं न देतां. मध्यें तेलाचा केसाहूनहि पातळ पापुद्रा असतो, व पंप तेथें दाबानें सतत तेल पुरवीत असतो. हा पुरवठा खुंटला कीं पापुद्रा फाटतो, आणि भरवेगांत कांहीं सेकंदांतच बेअरिंग जळून जातें.

पुरवठा खुंटतो कसा? साध्या मोटारींत तेलाचा सांठा इंजिनाखालच्या पात्रांत असतो व पंपाची शोषनळी त्यांत बुडालेली असते. श्रोत्यांनी परातभर पाणी घेऊन झटकन् वळणाऱ्या माणसाची कल्पना करावी. पाणी एका कडेला चढतें. वळणावरील आडवा ओढा गुरुत्वाकर्षणाइतका झाला, तर तेलाची पातळी पंचेचाळीस अंशांनी कलते. शोषनळी उघडी पडते, पंप तेलाऐवजीं हवा ओढतो, आणि दाबमापकाचा कांटा शून्याकडे झुकतो.

अशा वेळीं जाड तेल घालावें किंवा दाबनियंत्रक झडपेची स्प्रिंग कडक करावी, असें पुष्कळांना सुचतें. त्यानें सरळ रस्त्यावर कांटा वर चढतोहि. परंतु पंपाच्या तोंडीं हवाच आली, तर कडक झडप काय करणार? दाब वाढविणें निराळें आणि तो अखंड राखणें निराळें.

त्यासाठीं पहिला उपाय अगदीं साधा : तेलाची पातळी खुणेपर्यंत राखणें. दुसरा उपाय पात्रांत आडपडदे व एकाच बाजूस उघडणारीं दारें बसविण्याचा. त्यामुळें तेल शोषनळीपाशीं येऊं शकतें, पण तेथून निसटूं शकत नाहीं. तिसरा उपाय डी-टाइपमध्यें १९५४ पासूनच होता. त्यांत पात्र कोरडें ठेवतात. एक पंप खालीं उतरलेलें तेल ओढून वेगळ्या टांकींत नेतो व दुसरा तेथून तें इंजिनास पुरवितो. खोल पात्राची गरज न उरल्यामुळें इंजिनहि खालीं बसवितां आलें व मोटारीचें नाक ठेंगणें झालें.

ज्या जुन्या मोटारींत इतका फेरफार करणें इष्ट नसतें, त्यांना तेलसंचयक जोडतात. हें एक नळकांडें असून त्यांत सरकता दट्ट्या असतो. त्याच्या एका बाजूस दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूस तेल. दाब उतरतांच हवा दट्ट्यास ढकलते, आणि सांठविलेलें तेल वळण सरेपर्यंत बेअरिंगांना पोंचतें.

अशा मोटारी आजहि ऐतिहासिक शर्यतींत धांवतात. परंतु त्यांचा क्रँकशाफ्ट एकदां गेला, कीं त्याचा जोड सहज मिळत नाहीं. म्हणून शहाणा चालक सरळ रस्त्यावर कांटा किती वर आहे, एवढें पाहून समाधान मानीत नाहीं. वळणांत तो डळमळतो कीं काय, हें तो पाहतो. आणि डळमळला, तर स्पर्धेचा मोह सोडून पाय उचलतो.