एका लिटर डिझेलचा जमाखर्च

मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत जबलपूर जिल्ह्यातील पाटण, शहपुरा, सिहोरा, मझौली या तहसिलींमधून हिरव्या मटाराच्या गोण्यांनी शिगोशीग भरलेल्या पिकअप गाड्या मंडीकडे, आणि तेथून पुढे कित्येकदा थेट नागपूरच्या वाटेला लागतात, तेव्हा त्या गाडीच्या मालकास मटाराच्या भावाइतकाच आणखी एक प्रश्न छळत असतो, आणि तो म्हणजे या खेपेस गाडी अ‍ॅव्हरेज किती देणार. हा प्रश्न तो मिस्त्रीला विचारतो, पंपावरच्या पोराला विचारतो, रस्त्याकाठी 'इंधन वाचवणारी' लोहचुंबके विकणाऱ्या इसमालाही विचारतो. फक्त ज्या शास्त्राकडे याचे उत्तर दीडशे वर्षांपासून तयार आहे, त्या पदार्थविज्ञानाच्या दारी जाण्याची तजवीज मात्र सहसा कोणी करीत नाही.

वास्तविक हा प्रश्न जबलपुरात विचारला जावा, यात मोठे औचित्य आहे. १९०४ साली येथे स्थापन झालेल्या तोफगाडी कारखान्यात, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरीत, १९५९ साली 'शक्तिमान' हा लष्करी ट्रक जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्याने बनू लागला, आणि पुढे १९६९ साली वाहनांसाठी व्हेइकल फॅक्टरी हा स्वतंत्र कारखानाच या शहरात उभा राहिला. आता ही मान कंपनी म्हणजे कोण, तर जिच्या ऑग्सबर्ग येथील कार्यशाळेत रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने वर्षानुवर्षे धडपडून १८९७ साली आपले एंजिन अखेर यशस्वी करून दाखविले, तिचीच ही वारसदार. त्या वर्षीच्या अधिकृत चाचणीत इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे कार्यात रूपांतर झाल्याचे आढळले. त्या काळची सर्वसाधारण वाफेची यंत्रे दहा टक्क्यांपर्यंत पोचतानाही धापा टाकीत होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आकड्याने युरोपातील कारखानदार का हादरले असतील, याची कल्पना येते. ऑग्सबर्गच्या त्या एंजिनाचे वंशज सहा दशकांनी नर्मदेच्या काठी जन्मास यावेत, हा इतिहासाचा एक सुखद योगायोगच म्हटला पाहिजे.

परंतु याच शहराने इंधनाच्या बाबतीत अगदी उलट स्वभावाची अपत्येही जगाला दिली. निसानच्या परवान्याने बनलेली वन-टन मालवाहू गाडी आणि तिची धाकटी बहीण जोंगा, या दोघींच्या पोटात जवळजवळ चार लिटर घनफळाचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन होते. लष्कराच्या दप्तरी गाडी खड्ड्यातून बाहेर निघते की नाही हा मुख्य प्रश्न. लिटरला किलोमीटर किती, हा तिथे गौण. मात्र याच गाड्या लिलावात निघून मुलकी माणसाच्या दारी आल्या, तेव्हा त्यांच्या तहानेचा हिशेब पहिल्याच महिन्यात चुकता करावा लागला, आणि ज्यांना त्या रांगड्या गाडीचा मोह सुटेना, अशा अनेकांनी तिचे मूळ एंजिन उतरवून तिथे डिझेल एंजिन चढविले.

या अदलाबदलीमागील कारण समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोल एंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण ठराविक राखावे लागत असल्यामुळे, शक्ती कमी हवी असेल तेव्हा आत येणारी हवाच झडपेने कोंडावी लागते, आणि एंजिनाची बरीच मेहनत त्या अर्धवट मिटलेल्या झडपेतून श्वास ओढण्यातच खर्ची पडते. डिझेल एंजिन दर खेपेस पोटभर हवा घेते व फक्त इंधन कमीजास्त करते. शिवाय ते हवा अधिक दाबते, आणि दाब जितका अधिक तितकी उष्णता पिळून कार्य काढण्याची संधी अधिक. त्यातच लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते, हा निराळाच लाभ.

तरीही डिझेलच्या पदरी पूर्ण यश नाही. एका लिटरमध्ये सुमारे ३६ मेगाजूल ऊर्जा असते, आणि आजच्या पिकअपचे एंजिन व गिअर मिळून त्यांतील साधारण ३० टक्के, म्हणजे अकराएक मेगाजूल, चाकांपर्यंत पोचवितात असे सोयीसाठी धरू. उरलेला मोठा वाटा धुराड्यातून व रेडिएटरमधून वातावरणास दान होतो. मालकाने कितीही तगादा लावला तरी या बाबतीत त्याच्या हाती वेळेवर तेल बदलणे आणि हवेची जाळी स्वच्छ ठेवणे यापलीकडे फारसे काही नाही. खरा जमाखर्च सुरू होतो तो चाकांपाशी पोचलेल्या त्या अकरा मेगाजूलांचा, आणि तिथे खर्चाच्या बाबी अवघ्या चार: रस्ता, वारा, चढ आणि ब्रेक.

मालासह तीन टन वजनाची पिकअप सपाट डांबरी रस्त्यावर लोटीत नेण्यास सुमारे ३०० न्यूटन बल लागते, कारण रबराचे टायर जमिनीवर दबून पुन्हा फुगताना दर फेऱ्यात थोडी उष्णता गमावतात. हवा उतरलेली असेल तर हे दबणे वाढते. दर चौरस इंचामागे एक पौंड दाब कमी झाला की इंधनाचा खर्च साधारण ०.२ टक्क्याने चढतो, आणि ज्या गाडीच्या चारही टायरांत पंधरा-पंधरा पौंड हवा कमी आहे, तिचा मालक शंभर लिटरमागे तीन लिटर निष्कारण जाळीत असतो. हेच वजन पोलादी रुळांवर ठेवले असते, तर हा अडसर पाचव्या हिश्शाहूनही खाली आला असता. १८७० साली मुंबईहून येणारी आणि कलकत्त्याहून येणारी अशा दोन्ही रेल्वे जबलपुरातच एकमेकींस मिळाल्या, तेव्हा या शहराने घर्षणाच्या बाबतीत जी मजल गाठली, ती रस्त्यावरच्या वाहतुकीला आजही गाठता आलेली नाही.

वाऱ्याची गोष्ट याहून मनोरंजक आहे, आणि खरी उधळपट्टीही तिथेच होते. रस्त्याचा अडसर वेग वाढला तरी फारसा वाढत नाही. वाऱ्याचा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीन चौरस मीटर छाती असलेल्या आणि वाऱ्यास सामोरे जाण्याच्या दृष्टीने अगदीच बोजड आकाराच्या पिकअपला तासी ४० किलोमीटरला वारा साधारण ११० न्यूटनांनी मागे रेटतो, ६० ला २५० न्यूटनांनी आणि ८० ला जवळजवळ साडेचारशे न्यूटनांनी. म्हणजे ६० च्या आसपास वारा रस्त्याची बरोबरी करू पाहतो, आणि ८० ला तो खर्चाचा प्रमुख धनी होऊन बसतो. जबलपूर ते नागपूर हे सुमारे २७० किलोमीटरचे अंतर ६० च्या स्थिर वेगाने काटले, तर आमच्या ढोबळ हिशेबाप्रमाणे साडेतेरा लिटर डिझेल पुरते. ८० ने काटले तर साडेअठरा लागते. तासाहून थोडा अधिक वेळ वाचतो, आणि त्याची किंमत पाच लिटर. १९७८ साली स्थापन झालेली पीसीआरए ही सरकारी इंधनबचत संस्था ४५ ते ५५ च्या वेगाचा आग्रह धरीत आली आहे, तो काही उपदेशकी हौसेपोटी नव्हे. त्यामागे हेच वर्गाचे गणित उभे आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर थांबे, वस्त्या, गुरे आणि गतिरोधक यांमुळे दोन्ही आकडे फुगतात, पण त्यांतील अंतर काही मिटत नाही.

येथे मागच्या फाळक्याचा वाद निघाल्यावाचून राहत नाही. रिकाम्या गाडीचा फाळका उघडा टाकला म्हणजे हौद्यातून वारा मोकळा निघून जाईल आणि गाडी हलकी चालेल, असा पुष्कळ चालकांचा दृढ समज असतो, आणि सामान्य बुद्धीला तो पटतोही. पण वारा सामान्य बुद्धीप्रमाणे वागण्यास बांधलेला नाही. फाळका बंद असता केबिनमागे हौद्यात हवेचा एक मोठा भोवरा फिरत राहतो, आणि वरून येणारा प्रवाह त्या भोवऱ्यावरून जणू छपरावरून घसरावा तसा पुढे सरकतो. फाळका उघडताच तो भोवरा मोडतो व मागील ओढ कमी होण्याऐवजी बहुधा वाढते. यापेक्षा मोठा लाभ ताडपत्री ताणून बांधण्यात आणि गोण्यांची थप्पी केबिनच्या उंचीपलीकडे न चढविण्यात आहे. फडफडणाऱ्या ताडपत्रीचा प्रत्येक फटकारा शेवटी डिझेलच्या टाकीतूनच दिला जातो.

घाटाची मात्र विनाकारण बदनामी झालेली आहे. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटरवर, सिवनीचे पठार ६०० च्या वर, आणि कुरईचा घाट उतरून खवासामार्गे गेले की नागपूर ३१० वर. तीन टन वजन दोनशे मीटर उचलण्यास लागणारे डिझेल मोजले तर ते जेमतेम अर्धा लिटर भरते! शिवाय मटार नागपुरास जातो तो एकंदरीत उतरणीनेच. चढाने घेतलेले कर्ज उतार परत करतो. ते परत घेण्याऐवजी ब्रेकच्या पट्ट्या तापवून आपणच उधळून टाकतो, ही तक्रार घाटाची नसून पायाची आहे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देण्याची जी घातकी वहिवाट आहे, तिचे तर आता शास्त्रीय समर्थनही उरलेले नाही, कारण इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या आजच्या एंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंधनाचा फवारा पूर्ण बंद होतो आणि चाकेच एंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिनाला स्वतःचा श्वास चालू ठेवण्यापुरते डिझेल प्यावेच लागते. म्हणजे जो मनुष्य जीव धोक्यात घालून बचत करू पाहतो, तो बचतही गमावतो.

चौथी बाब ब्रेकची. ६० च्या वेगाने चाललेल्या तीन टनी गाडीत जी गती साठलेली असते, ती पुन्हा निर्माण करण्यास जवळपास ४० मिलिलिटर डिझेल लागते, आणि तेवढ्या डिझेलात तीच गाडी स्थिर वेगाने पाऊण किलोमीटर गेली असती. पुढे गतिरोधक दिसत असता अखेरच्या क्षणापर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबून मग करकचून ब्रेक लावणारा चालक दर गतिरोधकाला पाऊण किलोमीटर रस्ता जाळतो, तर बराच आधी पाय उचलणारा त्यातला काही रस्ता फुकट चालतो. मंडीच्या फाटकाशी रांगेत तासभर एंजिन धडधडत ठेवले, तर अर्ध्या लिटरच्या पुढेमागे, म्हणजे दहा किलोमीटरचा प्रवास, उभ्या उभ्या संपतो.

डिझेलच्या नळीवर बसवावयाच्या त्या लोहचुंबकांविषयी दोनच वाक्ये पुरेत. डिझेलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा ज्वलनास उपकारक असा काहीही परिणाम होत नाही, आणि त्यांपासून खात्रीने वाढते ते केवळ विकणाऱ्याचे अ‍ॅव्हरेज.

हे सारे गणित चालकाच्या पायावर लादून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. तोडलेल्या मटारातील साखर तासागणिक पिष्टात बदलत असते आणि उष्णतेत हा बदल अधिक झपाट्याने होतो. पहाटेच्या लिलावाला पोचलेल्या मालाचा भाव आणि उन्हे चढल्यावर पोचलेल्या मालाचा भाव यांत जे अंतर पडते, त्यापुढे पाच लिटर डिझेल किरकोळ ठरू शकते. म्हणून जातानाची घाई मी समजू शकतो. मला न समजणारी गोष्ट आहे ती परतीची. माल उतरवून रिकामी झालेली पिकअप पावणेदोन टनांपर्यंत हलकी होते खरी, परंतु तिची छाती तेवढीच रुंद राहते, वारा तिला काडीचीही सूट देत नाही, आणि ६० च्या वेगाने तिला भरल्या गाडीच्या तीन-चतुर्थांशाहून थोडे अधिकच डिझेल लागते. लिटरला किलोमीटर या मापाने पाहिले तर परतीचा आकडा सुरेख दिसतो आणि मालक संतुष्ट होतो. माल किती हलला या मापाने पाहिले तर ती खेप निव्वळ शून्य आहे. ज्या सुमारास जबलपूरचा मटार नागपुरात उतरत असतो, त्याच सुमारास नागपूरची संत्री उत्तरेच्या बाजारांकडे निघण्यासाठी कळमन्याच्या बाजारात वाहन शोधीत असतात. एकाच महामार्गावरून एक गाडी मटार टाकून रिकामी वर येते आणि दुसरी संत्री टाकून रिकामी खाली जाते. या दोघींची गाठ घालून देणारा एखादा दलाल एका दूरध्वनीसरशी दोन्ही रिकाम्या खेपांचे मिळून वीस-एकवीस लिटर डिझेल वाचवू शकतो, जे चालकाच्या पायाने कितीही संयम पाळला तरी त्याच्याच्याने वाचणारे नाही.