हॉट डॉगला तेल लागतच नाही!

नागपूरहून जबलपूरला जाताना, शहर जवळ येऊ लागलं की महामार्गावर बरगी नावाचं गाव लागतं. नर्मदेवरचं प्रचंड धरण याच गावाच्या नावानं ओळखलं जातं. 1974मध्ये त्याचं काम सुरू झालं, 1990मध्ये पुरं झालं. मंडला, सिवनी आणि जबलपूर या 3 जिल्ह्यांतल्या 162 गावांना त्याची झळ बसली. धरणावर 90 मेगावॅटचं वीजघर आहे. आता हल्ली शहरी ओट्यावर ऐटीत बसलेला एअर फ्रायर घ्या. तो साधारण दीड किलोवॅट वीज ओढतो. म्हणजे बरगीचं वीजघर पुऱ्या ताकदीनं चाललं, तरी त्यावर एका वेळी 60 हजार एअर फ्रायर चालतील. एकट्या जबलपूर शहरात याहून कितीतरी जास्त घरं आहेत!

तेव्हा बिनतेलाचं तळण फुकटात होत नाही. कढईतलं तेल वाचतं, पण मीटर फिरतो. अर्थात हॉट डॉगपुरतं बोलायचं तर फार नाही. दीड किलोवॅटचं यंत्र 6 मिनिटं चाललं, तर 0.15 युनिट वीज जळते. मोठा ओव्हन तापायलाच त्याहून जास्त वेळ घेतो.

मुळात या यंत्रात तळण होतच नाही. फिलिप्स कंपनीनं 2010 साली ते बाजारात आणलं, तेव्हा नावात ‘फ्रायर’ घातलं आणि ग्राहकांची समजूत तशीच झाली. आत पाहिलं तर वर एक तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीची टोपली. गरम वारा टोपलीतल्या पदार्थाभोवती जोरानं फिरतो, वरचा ओलावा उडवून नेतो आणि पदार्थ खरपूस होतो. थोडक्यात, हा छोटा आणि चपळ ओव्हन आहे. म्हणूनच उत्साहानं बेसनात बुडवलेला बटाटेवडा त्यात सोडणाऱ्या गृहिणीची फजिती होते. कढईत उकळतं तेल ओल्या पिठाला क्षणात घट्ट धरतं. वाऱ्याला ते जमत नाही. पीठ जाळीतून गळतं आणि टोपली घासता घासता संध्याकाळ जाते.

हॉट डॉगचं तसं नाही. त्यातलं सॉसेज म्हणजे खिमा, मीठ, मसाले आणि चरबी एकजीव करून नळीसारख्या आवरणात भरलेला पदार्थ. तेल बाहेरून घालायची गरज नाही, कारण ते चरबीच्या रूपात आतच असतं. तापलं की तीच चरबी पाझरते आणि सॉसेज स्वतःच्याच चरबीत खरपूस होतं. या यंत्राला इतका सोयीचा पदार्थ क्वचितच सापडेल.

कृती म्हणावी अशी कृतीही नाही. पाकिटावर आधी वाचायचं, सॉसेज शिजवलेलं आहे की कच्चं. फ्रीझरमधलं असेल तर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं, ओट्यावर तासन्‌तास नव्हे. मग सुरीनं वर तीन-चार तिरक्या, उथळ चिरा द्यायच्या. हे विसरलं तर आतली वाफ कोंडून आवरण फुटतं. टोपलीत एकमेकांना न चिकटवता ठेवायचं, 200 अंश सेल्सियसवर 5 ते 6 मिनिटं, मध्ये एकदा टोपली हलवायची. चिरा उमलल्या, कडा तपकिरी झाल्या की झालं. कच्च्या चिकनचं सॉसेज असेल तर मात्र रंगावर जाऊ नये. आंच थोडी कमी ठेवून जास्त वेळ द्यावा आणि आतलं तापमान 74 अंशांपर्यंत पोचायला हवं. तयार सॉसेजही गरोदर बाईनं थंड खाऊ नये, वाफाळेपर्यंत गरम करूनच खावं, कारण लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या गारव्यातही वाढतो.

लांबट पाव शेवटच्या मिनिटाला आत टाकावा. सॉसेजबरोबरच टाकला तर त्याचा टोस्ट होतो, आणि टोस्टमध्ये सॉसेज बसवणं ही सर्कस आहे.

पण सॉसेज न खाणाऱ्या घरांचं काय? त्यांच्यासाठी मध्य प्रदेशातच उत्तर आहे. इंदूरच्या छप्पन दुकान भागात ‘जॉनी हॉट डॉग’ नावाचं दुकान आहे. होळकरांच्या या गावातली मराठी मंडळी तिथं हक्कानं जातात. त्या हॉट डॉगमध्ये सॉसेज नसतं आणि पावही लांबट नसतो! गोल बनमध्ये भाजीची टिक्की, अंडं किंवा मटण, आणि तव्यावर खरपूस भाजणं. अमेरिकी माणूस याला हॉट डॉग म्हणणार नाही, इंदूरकराला त्याची पर्वा नाही. घरी एअर फ्रायरमध्ये हा प्रकार झकास होतो, फक्त इथं तेल लागतं. बटाट्याच्या टिक्कीत स्वतःची चरबी नसते. दोन्ही बाजूंना ब्रशनं थोडं तेल लावलं नाही तर ती कोरडी आणि पांढरट राहते. सोया सॉसेजलाही हाच नियम. उलट गोव्याचं चोरीस या यंत्राच्या वाटेला नेऊ नये. ते कांद्याबरोबर स्वतःच्या चरबीत मंद आंचेवर शिजायला हवं. वाऱ्याच्या झोतात ते सुकतं आणि धूर करतं.

आता खोक्यावरच्या ‘आरोग्यदायी’ या शब्दाकडे वळू. बटाट्याच्या काचऱ्या कढईऐवजी इथं केल्या तर पोटात जाणारं तेल खरोखरच कमी होतं. सॉसेजच्या बाबतीत ही बचत जवळजवळ शून्य आहे, कारण त्याला तव्यावरही फारसं तेल लागत नव्हतं. त्याची अडचण तेलाची नाहीच. मांस टिकावं, गुलाबी दिसावं म्हणून त्यात मीठ आणि नायट्राइट घातलेलं असतं आणि कुठलाही गरम वारा ते काढून टाकू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ऑक्टोबर 2015मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. रोज 50 ग्रॅम असं मांस खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष होता. एक सॉसेज साधारण तेवढंच भरतं. यातला ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा. वाढदिवसाला खाल्लेल्या हॉट डॉगनं आभाळ कोसळत नाही. पण ‘एअर फ्रायरमध्ये केलंय ना, मग काय होतंय’ म्हणत मुलांच्या डब्यात दिवसाआड सॉसेज जाऊ लागलं, तर त्या यंत्रानं घराचं नुकसानच केलं.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे आणि तो पहिल्याच घासाला असतो. सॉसेजची गोल चकती लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखी घट्ट बसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर 2010 साली हॉट डॉगचा आकारच बदलावा, अशी मागणी केली होती. 4 वर्षांखालच्या मुलाला चकत्या मुळीच देऊ नयेत. सॉसेज आधी उभं चिरावं, पुन्हा उभं चिरावं आणि मग बारीक तुकडे करावेत. मूल बसून खात असावं, पळता पळता नव्हे.

यंत्राची खोड एकच. त्याला 16 अँपिअरचा, जाड पिनेचा सॉकेट हवा. टीव्हीमागच्या एक्स्टेन्शन बोर्डवर ते लावू नये, वायर वितळते. हॉट डॉग झाल्यावर टोपलीखालच्या भांड्यात थोडी चरबी जमलेली दिसेल. ती तशीच ठेवून दुसरा घाणा लावला की स्वयंपाकघरात धूर कोंडतो. गार झाल्यावर कागदानं पुसून ती केराच्या डब्यात टाकावी. सिंकमध्ये ओतली, तर महिनाभरात प्लंबरला बोलवावं लागेल.