ध्वनीच्या वाटेचा तपास

ज्या तालुक्यातील शेटफळे गावी १९१९ साली ग. दि. माडगूळकरांचा जन्म झाला, त्या आटपाडीत एका स्नेह्यांच्या घरी त्यांचेच गीतरामायण, जे १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीने घरोघर पोहोचवले, संगणकाच्या पडद्यावर चालू असल्याचे दिसत होते. परंतु स्पीकरमधून सूर म्हणून उमटत नव्हता. लिनक्स काढून टाका, असा सल्ला त्यांना कोणी तरी देऊन ठेवला होता, तो मला मुळीच मान्य नव्हता. लिनक्समध्ये ध्वनी सहसा नाहीसा होत नाही. तो भलत्याच ठिकाणी रुजू झालेला असतो किंवा वाटेत अडवलेला असतो, आणि प्रत्येक ठाण्याचे दप्तर तपासणाऱ्याला खुले असते, हा या प्रणालीचा मोठाच गुण होय.

मुख्य ठाणी दोन. तळाशी, प्रणालीच्या गाभ्यात, साऊंड कार्डाशी प्रत्यक्ष व्यवहार करणारी अल्सा. तिच्यावर पूर्वी पल्सऑडिओचा अंमल असे, आता पुष्कळ ठिकाणी विम टायमन्स यांच्या पाइपवायरचा आहे, जे २०२१ मध्ये फेडोराने पल्सऑडिओच्या जागी नेमले. बागेला पाणी पोहोचले नाही म्हणजे माणदेशी शेतकरी आधी विहिरीवर जातो आणि मग पाटाच्या कडेने चालत येतो; तपासाचा शिरस्ता तोच ठेवावा.

टर्मिनलवर ‘एप्ले’कडे कार्डांची यादी मागितली, ती बिनचूक आली, म्हणजे कार्ड शाबूत. मग व्हॉल्यूम कंट्रोल उघडले, तो गाण्याची पट्टी हलत होती, पण त्याची रवानगी एचडीएमआयच्या वाटेने नव्या मॉनिटरकडे होत होती, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. रवानगी बदलली, तरीही शांतता.

येथेच पुष्कळांचा धीर सुटतो आणि ते एका दमात दहा गोष्टी बदलतात. मग गुण कशाने आला हे कधीच उमगत नाही. आम्ही अल्सामिक्सर उघडला. त्यात आरंभी पाइपवायरचा एकच स्तंभ दिसतो. खरे कार्ड एफ-सहा दाबून निवडावे लागते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक तपास उंबरठ्यावरच थांबतात. कार्ड निवडताच मास्टर, हेडफोन, लाइन आउट अशी रांग लागली. लाइन आउटच्या पायथ्याशी ‘एमएम’ ही अक्षरे होती, म्हणजे तो मूक केलेला. बाणाने तेथवर जाऊन एम दाबले, ‘ओओ’ उमटले, आणि सुधीर फडक्यांचा स्वर खोलीभर झाला.

मूक केला कोणी, हा प्रश्न उरलाच. पुढच्या बाजूची हेडफोनची खाच सैल झाली होती. त्यामुळे हेडफोन जोडला आहे असे समजून ‘ऑटो-म्यूट’ स्पीकर बंद करीत असे. ऑटो-म्यूट बंद करून ‘अल्साक्टल स्टोअर’ या आज्ञेने नवी व्यवस्था नोंदवली. मायक्रोफोनची तक्रार मात्र शिल्लक होती. पुण्यातल्या लेकीला वडिलांचे बोलणे ऐकू जात नव्हते. त्यासाठी एफ-चार दाबून कॅप्चरचे स्तंभ पाहावे लागतात आणि वाट उलट दिशेने, माणसाकडून यंत्राकडे, चालावी लागते. चहा होताच आम्ही ती धरली.