कुलूप काढलेलं कपाट

जिल्हा परिषदेच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे बहुतेक गावांत एक लोखंडी कपाट असतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत, हजेरीपत्रकं आणि पोषण आहाराच्या नोंदवह्यांच्या शेजारी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं परिशिष्टात लिहून ठेवलं. 2018 पासून समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला त्यासाठी वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. पुस्तकं येतात, नोंदवहीत चढतात, शिक्के बसतात आणि कपाटाला कुलूप लागतं.

हे कुलूप शिक्षकाच्या आळसाचं नाही. ते हिशेबाच्या धास्तीचं आहे. प्राथमिक शाळेला ग्रंथपाल नाही. वर्गशिक्षकच वाढीव काम म्हणून कपाट सांभाळतो. बदली झाली की चार्ज द्यायचा, एकेक पुस्तक मोजून. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे आपल्याच खिशातून जातील, तपासणीत शेरा येईल, ही भीती मनात असली की पुस्तक मुलाच्या हाती द्यायचं धाडस होत नाही. फाटकं पुस्तक नोंदवहीतून कमी करण्याची, म्हणजे निर्लेखनाचीही, रीतसर पद्धत असते, पण त्या कागदपत्रांत पडण्यापेक्षा कुलूप सोपं वाटतं. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम, पुस्तकं वापरण्यासाठी असतात, एवढा साधा आहे. तो आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत आणि मग तपासणी करणाऱ्या साहेबांच्या टेबलावर लिहून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपाने जी गावं आडवी झाली, त्यांत हे गाव होतं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसं झोपेतच गेली. आज शाळेत बसणारी मुलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली. त्यांना ती पहाट ठाऊक आहे ती आजी-आजोबांच्या तोंडून आणि 30 सप्टेंबरला होणाऱ्या श्रद्धांजलीतून. जमीन मुळात का हलली, हा प्रश्न मात्र मनात राहतोच. जवळच्या माकणीच्या धरणाच्या पाण्यामुळे भूकंप झाला का, यावर शास्त्रज्ञांमध्येही वाद झाला. भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर खोल विंधन घेतलं, तेव्हा 338 मीटरपर्यंत काळा पाषाण लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक. आपल्या पायाखाली काय काय आहे, हे कळल्यावर सहावीतलं पोरगं पुस्तक खाली ठेवेल का? सास्तूरच्या कपाटात पहिलं पुस्तक भूकंपाचं हवं, चित्रं आणि आकृत्या असलेलं. पोरांच्या मनात आधीच असलेला प्रश्न ज्या पुस्तकात असतो, त्यासाठी त्यांना आग्रह करावा लागत नाही.

इथे मुलग्यांबद्दल वेगळं सांगायचं कारण आहे. 2018 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत भाग घेतलेल्या प्रत्येक देशात पंधरा वर्षांच्या मुली वाचनात मुलांच्या पुढे होत्या. ही चाचणी घेणाऱ्या ओईसीडी संघटनेच्या देशांत सरासरी 30 गुणांनी. मुलगे कमी बुद्धीचे असतात असा अर्थ यातून काढायचा नाही. त्यांच्या आजूबाजूला वाचणारा पुरुष किती दिसतो, ते बघा. बाप हॉटेलात चहासोबत पेपर चाळतो, बस. पुस्तक घेऊन बसलेला मोठा माणूस दिसला की पोराला ते काम आपलंही वाटतं. म्हणून शाळेत रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवायचं असेल, तर ते गुरुजींनी करावं, पीटीच्या सरांनी तर नक्कीच करावं. मैदानावर ज्यांचा शब्द चालतो, त्यांच्या तोंडची गोष्ट पोरं कान देऊन ऐकतात.

पुस्तकं कोणती द्यावीत, याबद्दल मोठ्यांनी नाक मुरडू नये. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्या मागे धावत एक अख्खी मराठी पिढी वाचायला शिकली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, सायकलवर स्वार, संकटात उडी घेणारा; शिवाय भागवतांनी ज्यूल व्हर्नही मराठीत आणला. डॉ. जयंत नारळीकरांनी 1974 साली आपली पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, आपलं मोठं नाव परीक्षकांना कळू नये म्हणून, आणि तिला बक्षीस मिळालं. आद्याक्षरं उलटी केली आहेत, हे ज्याचं त्याला हुडकू द्यावं. मग ते पोरगं आपोआप नारळीकरांच्या कथांपर्यंत जातं. ट्रॅक्टरच्या यंत्राची माहिती, क्रिकेटपटूंची चरित्रं, सापांची पुस्तकं हेही वाचनच आहे. आणि ‘किशोर’ विसरू नये. बालभारतीने नोव्हेंबर 1971 मध्ये सुरू केलेलं हे मासिक आजही निघतं, आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. घरोघरी आलेल्या मोबाइलचा हा चांगला उपयोग आहे.

कपाट नसलं तरी अडत नाही, हे नाशिकने दाखवलं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचे विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. पुस्तकांची पेटी एका गटाकडे ठेवायची आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी बदलायची. वाचक ग्रंथालयात येत नसेल तर ग्रंथालयाने वाचकाकडे जावं, ही त्यामागची भूमिका. पेट्या देशाबाहेरच्या मराठी मंडळींपर्यंतही गेल्या. लोहारा तालुक्यातल्या चार-पाच शाळांनी आपसांत अशा पेट्या फिरवल्या, तर प्रत्येक शाळेला दर दोन महिन्यांनी नवी पुस्तकं दिसतील, एकही जादा रुपया न खर्चता.

देवघेव मुलांच्याच हाती द्यावी. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराला किल्ली द्यावी, नोंद त्यानेच करावी: नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. हुशार मुलाला देण्यापेक्षा हे बरं. जो वाचत नाही, त्याला पुस्तकं रोज हाताळावी लागतात. दुसऱ्याने काय नेलं, कुठलं पुस्तक तीन-तीन वेळा गेलं, हे त्याला कळत राहतं. नेलेलं पुस्तक वाचलंस का, सारांश लिहून आण, असं मात्र विचारू नये. सारांशाच्या धाकाने पातळ पुस्तक शोधायची सवय लागते. अर्धं वाचून परत केलं, तरी ते परतच घ्यावं आणि दुसरं द्यावं.

सगळ्यात मोठी कसोटी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात असते. वार्षिक तपासणी म्हणून पुस्तकं गोळा होतात आणि उन्हाळ्याच्या दीड महिन्यात, जेव्हा पोराकडे दुपारभर वेळ असतो, तेव्हा कपाट बंद राहतं. तपासणी मार्चमध्ये उरकून घ्यावी. निकालाच्या दिवशी प्रत्येकाच्या हाती तीन पुस्तकं द्यावीत, मामाच्या गावाला न्यायची परवानगी देऊन. जूनमध्ये त्यातली काही फाटून येतील, एखादं येणारच नाही. त्यांची यादी करून शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकीत निर्लेखनाला ठेवावी, सह्या घ्याव्यात आणि नव्या पुस्तकांची मागणी लिहावी.