हात थरथरले म्हणून खेळाडू कच्चा ठरत नाही

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजेच बीजीएमआय, या मोबाइल गेमच्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या बहुतेक ऑनलाइन होतात. त्यामुळे जळगावच्या पिंप्राळ्यातला किंवा धुळ्याच्या देवपुरातला मुलगा घरच्या खोलीत बसून देशभरातल्या संघांशी भिडू शकतो. एका सामन्यात चौघांचे सोळा संघ, म्हणजे 64 खेळाडू. आक्रसत गेलेल्या मैदानाच्या शेवटच्या वर्तुळात तळहाताला घाम फुटतो, अंगठा स्क्रीनवरून घसरतो आणि समोर आलेला गडी हातचा जातो. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातले बरेच सल्ले गैरसमजांवर उभे असतात.

गैरसमज: कसलेल्या खेळाडूला धडधड होत नाही.

वस्तुस्थिती: 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक पटकावलं. त्या दिवशी पोटात गोळा आला होता, काळ्या चहावरच निघालो होतो आणि छातीची धडधड खूप वाढली होती, हे त्याने स्वतःच सांगितलं. त्याने श्वासावर ताबा ठेवला आणि ऐनवेळी वेगळं काही करून पाहिलं नाही. धडधड कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या तर नेमबाजीत प्रतिबंधित आहेत.

गैरसमज: खेळायला बसण्याआधी मन शांत झालंच पाहिजे.

वस्तुस्थिती: हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निन्टेन्डो वीवरचा कराओके गेमच वापरला होता. गाण्याआधी ‘मला जोश आलाय’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची अचूकता सुमारे 80 टक्के भरली, तर ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांची सुमारे 53. भाषण आणि गणिताच्या चाचण्यांतही जोशात येऊ पाहणारे शांत राहू पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. भीती आणि जोश, दोन्हींत हृदय जोरातच धावतं. ती धडधड थांबवण्यापेक्षा तिला जोश म्हणणं सोपं जातं.

गैरसमज: एनर्जी ड्रिंकने एकाग्रता वाढते.

वस्तुस्थिती: भारतीय नियमांनुसार अशा पेयांत लिटरमागे 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं आणि हे पेय लहान मुलांसाठी नाही, असं डब्यावर छापावं लागतं. कॅफिनने झोप उडते हे खरं, पण आधीच थरथरणारा हात आणखी थरथरू शकतो. शिवाय निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी घेतलेला डबा रात्रीची झोप बिघडवतो आणि दुसऱ्या दिवशीचा सामना जड जातो.

गैरसमज: घरी जमतं ते स्टेजवरही जमतं.

वस्तुस्थिती: 2023 साली बीजीएमआयच्या बीजीआयएस या स्पर्धेची अंतिम फेरी मुंबईत प्रेक्षकांसमोर झाली. बंद खोलीत सराव केलेल्याला तो गलका नवाच असतो. म्हणून टीव्हीचा आवाज मोठा करून, मागे चार मित्र बसवून सराव करावा.

घरून खेळतानाही अडथळे असतातच, पण ते आधी दूर करता येतात. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करावं, कॉल दुसऱ्या नंबरवर वळवावेत आणि सामन्याची वेळ घरच्यांना सांगून ठेवावी. खान्देशात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो. तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो, गेम अडखळतो आणि खेळाडूला वाटतं, आपलंच लक्ष उडालं. कव्हर काढावं, चार्जिंग आधीच उरकावं, पंखा फोनकडे वळवावा. घाम फार येत असेल तर अंगठ्यावर थंब स्लीव्ह चढवावी, मात्र पहिल्यांदा सरावात, सामन्यात नव्हे.