विश्लेषण : हनुकाची मातीची पणती दुसऱ्या रात्री का चालत नाही?

हनुका हा ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण. पहिल्या रात्री एक दिवा, दुसऱ्या रात्री दोन, असं करत शेवटी आठ. पण पणती साध्या मातीची असेल तर अडचण येते. एकदा जळलेली मातीची पणती 'जुनी' झाली, ती पुन्हा लावू नये, असं १६व्या शतकातली 'शुल्हान आरुख' ही ज्यू आचारसंहिता सांगते. धातूची, काचेची चालते. आणि झिलई दिलेली मातीचीही!

झिलईने काय बदलतं?

साधी भाजलेली माती सच्छिद्र असते. ती तेल पिते, काजळी धरते, एका रात्रीत कळकट होते. झिलई म्हणजे भट्टीत वितळून मातीवर बसलेली काचच. पुसली की पणती पुन्हा लख्ख. यामागे 'हिद्दूर मित्झवा' हे तत्त्व आहे: धर्माज्ञा नुसती उरकायची नाही, देखणी करून पाळायची. श्रद्धाळू ज्यू सिरॅमिक कलाकारासाठी म्हणूनच रंग आणि चकाकी ही निव्वळ सजावट नसते.

स्वयंपाकघरात मात्र नियम उलटा

पेसाह सणात आंबवलेलं धान्य निषिद्ध. वर्षभर वापरलेलं धातूचं भांडं उकळत्या पाण्यातून काढून सणासाठी शुद्ध करता येतं. मातीचं नाही. माती शोषलेलं सोडत नाही, असं मानतात. झिलईवरही इथे बहुतेक धर्मपंडित भरवसा ठेवत नाहीत. मूळ जुनं आहे. लेवीय ग्रंथाच्या ६व्या अध्यायात पापार्पणाचं मांस शिजवलेलं तांब्याचं भांडं घासून धुवायला सांगितलंय, मातीचं थेट फोडायला.

एक पळवाट आहे: भांडं पुन्हा कुंभाराच्या भट्टीत घालणं. घरच्या आचेवर भाजलं तर? नाही. तल्मूडला माणसाचा स्वभाव ठाऊक आहे. भांडं तडकेल या भीतीने मालक पुरेशी आच देणारच नाही!

कलाकाराला मोकळीक किती?

हनुकाच्या दीपपात्रात आठ दिवे शक्यतो एका ओळीत, एका पातळीवर हवेत आणि ते पेटवणारा नववा 'शमाश' वेगळा उठून दिसायला हवा. जेवणाआधी हात धुण्याच्या भांड्याला भोक पडलं की ते बाद. सेदर भोजनाच्या थाळीत सहा प्रतीकात्मक पदार्थांच्या जागा करायच्या, बाकी नक्षी हवी तशी. मेझुझाची नळीही सिरॅमिकची चालते. आतलं चर्मपत्र मात्र लेखनिकानेच हाताने लिहायचं. आपल्याकडे रायगडमधल्या बेने इस्राएल घरांच्या चौकटींवरही मेझुझा दिसतो.

बायबलमधला आदर्श कारागीर बेझालेल. निर्गम ग्रंथाच्या ३१व्या अध्यायात तो सोनं, चांदी, तांबं, दगड, लाकूड घडवतो. या यादीत माती नाही. पण त्याच्याच नावाने १९०६ मध्ये जेरुसलेममध्ये सुरू झालेल्या कलाशाळेने १९२०च्या दशकात बायबलमधली दृश्यं चितारलेल्या सिरॅमिक फरशा बनवल्या. तेल अवीवच्या काही जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवर त्या आजही आहेत.