पूर आला, घर सोडायचंय. मग मांजराचं काय?

2005 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅटरिना चक्रीवादळ आलं, तेव्हा न्यू ऑर्लिन्समध्ये अनेकांनी बुडतं घर सोडायला नकार दिला. कारण बचाव पथकं आणि निवारा केंद्रं कुत्र्या-मांजरांना घेत नव्हती. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला: आपत्कालीन आराखड्यात पाळीव प्राणीही हवेत. आपल्याकडे 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापुरातले अनेक जण गोठ्यातली जनावरं सोडून निघायला तयार नव्हते. प्राण्याची सोय ठरलेली नसेल, तर माणसंही अडकतात.

म्हणून जायचं कुठे, हे आधी ठरवा. निवारा केंद्रात प्राणी घेतीलच असं धरून चालू नका. पूररेषेबाहेर राहणाऱ्या मावशीला किंवा मित्राला आत्ताच विचारून ठेवा.

कुत्रा पट्टा लावला की निघतो. खरी पंचाईत मांजराची. घाबरलं की ते पलंगाखाली शिरतं, हाक मारली तरी येत नाही. त्यामुळे कॅरिअर माळ्यावर टाकू नका, घरात उघडा ठेवा. मांजर त्यात झोपायला लागलं की अर्धं काम झालं. ऐन वेळी काहीच नसेल, तर थोड्या वेळापुरता उशीचा अभ्राही चालतो.

पिशवीत आठवडाभराचं खाणं, पाणी, औषधं आणि रेबीज लसीचं कार्ड. प्राण्यासोबतचा तुमचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. तो हरवला, तर तुमचाच आहे हे दाखवता येतं. गळपट्ट्यावर फोन नंबर हवाच.

आणि अगदीच मागे ठेवावं लागलं, तर साखळी सोडा, दावं कापा. बांधलेल्या जनावराला पोहताही येत नाही.